डावीकडून तिसरं चित्र

बुधवार, संध्याकाळ, बोनकोडे

आजही बाबा कॉम्प्युटरवर बसले नाहीत. वर्षभर रोज चहानंतर बसायचे आणि नवी मुंबई वसवताना सिडकोत गेलेल्या आमच्या शेतांची जुनी नावं टाईप करायचे. हल्ली आठवण दगा देते, म्हणून वहीत लिहून ठेवलेलं, "डावीकडून तिसरं चित्र, दोनदा दाबायचं." फाईलचं नाव ते वाचतच नसत. जागेवरूनच ओळखत.

आणि मी रविवारी स्क्रीन आवरली. मला पसारा वाटला तो. सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं.

सोमवारी माझ्या ऑनलाईन मीटिंगच्या मधेच येऊन बाबांनी विचारलं, "शेतांची फाईल दिसत नाय. मीच इसरलो का गो?" मी मान वर न करता म्हणाले, "हो बाबा, विसरला असाल."

असं का म्हणाले मी? खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

आज वही पाहिली. त्या ओळीवर पट्टी धरून काट मारलीय. फाईल परत डावीकडून तिसरी ठेवली, बाबांना बोलावून दाखवली, सांगितलं की मीच हलवली होती.

ते हसले. म्हणाले, "मला बरं वाटावं म्हनून बोलतेस, ठाव हाय."