टाचेवरचा तीळ

माय, पोटरीवर काळी गाठ आली होती, चण्याएवढी. सेवाग्रामच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला तं चामडीचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीण बाई माह्याच वयाची. म्हणे, "ताई, हा इथंच उगवला असेल तर कापून काढला की बहुतेक निभावतं. पण गाठ खोल आहे, वरच्या चामडीत काही दिसत नाही. दुसऱ्या एखाद्या तिळातून इथं आला असेल, तर मग तो अंगात फिरतोय. आधी कुठं तीळ होता का? काढला, जाळला?"

मले आपली चूल दिसून राह्यली होती. पाव्हणे पाह्यले येणार म्हणून तू बिब्ब्यात दाभण टोचून दिव्यावर धरते, तेल सुटते, ते माह्या टाचेवरच्या काळ्या तिळाले लावते. मी बोंबलते. "गोरी तं नाई, निदान बिनडागाची तरी जा सासरी!" म्हणते, अन् फुंकर घालता घालता तूच रडते. तो तीळ त्या वर्षी मोठा होऊन राह्यला होता. आपल्याले वाटलं, पोरगी वयात आली, तं तीळही वाढते. फोड आला, खपली पडली, आपण खुश.

"अवं, सांग ना! काऊन मुकी बसली?" हे खेकसले. तुह्यावर बोट दाखवायचं जिवावर आलतं, माय. पण चप्पल काढली, टाच वर केली. बाईनं लाइट लावून भिंगातून लय वेळ पाह्यलं. पांढरा डाग, बाकी काही नाई. म्हणे, "बिब्ब्यानं कॅन्सर झाला असं नाही. पण तो तीळच उरला नाही, आता तपासणार काय? सांगितलंत ते बरं केलं." मग जांघेत गाठी आल्या का ते चाचपलं, साऱ्या अंगाचा स्कॅन केला. कुठून आला ते सोमवारी सांगते म्हणाली. तेही समजलं तं.

तुह्यावर राग धरून पाह्यला, धरता येत नाई. खपली पडली त्या दिवशी मीच आरशात टाच पाहून हसली होती.

माह्या पोरीले अजून चप्पलचा डावा-उजवा समजत नाई. तिले कुशीत घेते अन् तिच्या टाचा उलटून पाह्यते.

तू तं केव्हाची देवाघरी गेली, हे कुठं पाठवायचं नाई, म्हणून खरं लिहिते. भ्यालं की माणूस म्हणते, माय पाह्यजे होती. मलेही पाह्यजे, पण इथं, माह्या घरात. तुह्याकडं यायले मन नाई माय माहं. वाईट नको वाटून घेजो.