‘क्योनेन’ आणि दिपालीची मुलाखत

८ एप्रिल २०१९

‘क्योनेन’! जर्मनच्या वर्गात आज या एका क्रियापदाचा तास संपूच नये असे वाटले. जर्मनमध्ये ‘इश कन’, डचमध्ये ‘इक कन’, इंग्रजीत ‘आय कॅन’, स्वीडिशमध्ये ‘याग कान’ — सगळी सख्खी भावंडे. फळ्यावर वंशवृक्षच काढला. आजचा अर्थ ‘शकणे’. मूळ अर्थ मात्र ‘जाणणे’, आणि ते मूळ आपल्या ‘ज्ञा’चे नातलग! ज्याला माहीत, त्याला शक्य — अशी ही अर्थाची वाट. जुना अर्थ अजून जिवंतही आहे: ‘इश कन डॉइच’, म्हणजे ‘मला जर्मन येते’. सोबत दुसरे क्रियापद लागतच नाही.

दिपालीने हात वर केला. “सर, हे मुलाखतीत इचारतेत का?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि डच रूपांकडे वळलो.

१९ एप्रिल

दिपाली नर्सिंग शिकलेली. जर्मनीतल्या एका इस्पितळाने तिला मुलाखतीला बोलावले आहे. वडील सूर्यभान मेंढरे घेऊन गोदाकाठी गेलेले. गावात पाणी नाही, आणि शहरालगतच्या चराईवर प्लॉट पडले. घराची सारी भिस्त या नोकरीवर.

तिची आई बानाबाई आज उस्मानपुऱ्यात, क्लासच्या दारात उभी. “सर, पोरीला येतंय ना वो बोलाया? घरी शेळीसंगं बी जर्मन बोलती. लई डोकं उठवलंय!”

“उत्तम येते,” मी म्हणालो.

३ मे

कसे लिहू? व्हिडिओवर मुलाखत होती. धीर द्यायला मी शेजारी बसलो. इस्पितळाच्या बाईंनी विचारले, रात्रपाळी करू शकाल का? दिपालीने श्वास घेतला. मला वाटले, क्रियापदाच्या रूपावर अडली — आणि उत्तर मीच दिले! पुढचेही. त्याच्या पुढचेही, सविस्तर, कारणांसह. बाई तिचे नाव घेऊन विचारत होत्या, तरीही! दिपालीला केवळ स्वतःचे नाव सांगता आले. बाईंनी आभार मानून कॅमेरा बंद केला.

घरी बायको, दमयंती, म्हणाली, “मी चहात साखर घालू का विचारलं तरी तुम्ही साखर हा शब्द कुठून आला ते सांगता. त्या पोरीचं काय चालणार!”

६ मे

नकार आला. क्लासचे संचालक मंदार यांनी सर्वांसमोर विचारले, “काय झालं दिपाली?”

“माझीच तयारी नव्हती, सर.”

मी तिथेच होतो. डस्टर झटकत राहिलो.

७ मे

ती वर्गाला आली. पहिल्या बाकावर नाही.

१० मे

मंदारना खरे सांगितले. “म्हणजे मुलाखत तुम्ही दिलीत? जर्मनीला तुम्हाला जायचंय का, सर?” ऐकून घेतले. त्या बाईंना मेल पाठवला: उत्तरे माझी होती, तिची नव्हती, तिला पुन्हा ऐकावे. पहिल्यांदाच काही इतक्या थोडक्यात लिहिले.

१६ मे

बाईंचे उत्तर. दिपालीच्या जर्मनबद्दल त्यांनी काही मत बनवलेच नव्हते. शेजारचे गृहस्थ तिला तोंड उघडू देत नाहीत, म्हणजे घरून संमती नसावी; अशा मुलीला इतक्या लांब कसे बोलवावे, म्हणून नकार. ते गृहस्थ म्हणजे मी!

सोमवारी पुन्हा मुलाखत. दिपालीला मेल वाचून दाखवला.

“आईला दारात बसवते,” दिपाली म्हणाली. “तुम्ही आलात तर आत सोडणार नाय ती.”

ती हसत नव्हती.