वाटी हातात राहिली

॥ श्री ॥
मेदनकरवाडी, चाकण
गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४

ती. इंदुताईस,
ज्योतीरामचा सा. न. वि. वि. तुझ्या आशीर्वादाने इकडे मी आणि दिव्या खुशाल आहोत.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पुन्हा पत्राचा रस्ता धरला. कस्तुराला जाऊन पाच महिने झाले. घर चालू आहे. दिव्या सकाळी सातच्या कॅबने हिंजवडीला जाते, रात्री आठला येते. मी पहिल्या पाळीला आहे. स्वयंपाक आम्ही बापलेकीने वाटून घेतला आहे. माझ्या भाकरीला ती नकाशा म्हणते.

तेराव्याला तू विचारलं होतंस, रडलास का म्हणून. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. रडू आलं नव्हतं, अजूनही येत नाही. भाजीत मीठ नाही हे दिव्याने सांगितल्यावर कळतं. देवापुढे दिवा लावतो, हात जोडतो, पण मागायचं काही आठवत नाही. आणि झोप नाही. पडलो की तासाभरात उठून बसतो. कंपनीत मी फोर्कलिफ्ट चालवतो. दीड टनाचा माल उचलून माणसांमधून न्यायचा असतो. तिथे डोळा लागला तर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल, एवढी एक भीती वाटते. बाकी कशाचं काही वाटत नाही. घरगुती काही उपाय असेल तर कळव.

कळावे. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
ज्योतीराम


पाथरूड, ता. भूम
१३ ऑगस्ट २०२४

चि. ज्योतीराम यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. चि. दिव्यास गोड पापा.

झोप येत नाही असं तू लिहावंस, याचंच मला नवल वाटलं. शाळेत गुरुजी तुला वाऱ्यासाठी खिडकीशी बसवायचे, तरी तू डुलक्या घ्यायचास. देवळातल्या भजनात तर टाळ हातात धरून झोपायचास. टाळ मात्र कधी खाली पडला नाही. अण्णा म्हणायचे, पोरगं झोपेतसुद्धा धरलेलं सोडत नाही.

पुडक्यात राखी आहे, ती दिव्याच्या हातून बांधून घे. जायफळं आहेत. सहाणेवर गव्हाच्या दाण्याएवढं उगाळून कोमट दुधातून रोज रात्री जेवणानंतर घ्यायचं. बाटलीत माका आणि ब्राह्मीचं तेल आहे, ते टाळूवर जिरव. संध्याकाळचा चहा बंद कर. तो सुटणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

सगळ्यांत चांगला उपाय तुझ्या घरातच आहे. आईची काशाची वाटी मी कस्तुराला तुमच्या लग्नात दिली होती. तळपायाला तूप लावून त्या वाटीने घासायचं. वाटी काळी पडली की उष्णता उतरली समजायचं. दिव्याला सांग, ती घासून देईल. वाटी कुठे आहे ते कळव.

अंगाला जप, बहिणीला विसरू नकोस.
तुझी ताई


॥ श्री ॥
चाकण, २२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

राखी पोचली, दिव्याने बांधली. जायफळ रोज रात्री नऊ वाजता घेतो, तू सांगितल्या वेळेला. तेलाने उशीचा अभ्रा हिरवा झाला. दिव्या म्हणते, घराचं काष्ठौषधीचं दुकान झालंय. झोपेत मात्र फरक नाही.

तुझ्या गुडघ्यांचं कळव. लोभ आहेच, तो ठेव.
ज्योतीराम


पाथरूड, ३० ऑगस्ट २०२४

चि. ज्योतीराम यास अनेक आशीर्वाद.

सोमवारी पोळा आहे. शिंगांच्या रंगाने सगळ्या गावाचे हात रंगलेत. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

वाटीबद्दल मी विचारलं आणि तू गुडघे विचारलेस. मोडीत घातलीस की काय? घातली असशील तर तसं लिही, मी रागावेन आणि मग विसरेन. न लिहिलेलं मला विसरता येत नाही.

जायफळ दोन दाण्यांएवढं करून बघ, त्याच्या पुढे जाऊ नकोस. तेवढ्यानेही गुण आला नाही तर डॉक्टरला दाखव, असं आमच्या दवाखान्यातल्या बाई म्हणतात.

रागावली तरी ती तुझीच,
ताई


॥ श्री ॥
चाकण, १२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुला दोन गोष्टी खोट्या लिहिल्या, एक लिहिलीच नाही.

मी पहिल्या पाळीला नाही. कस्तुरा गेल्यापासून कायमची तिसरी पाळी मागून घेतली आहे. रात्रीचं घरी पडावं लागू नये म्हणून. रात्री कामाला जायचं, सकाळी येऊन बसून राहायचं. तू जायफळ रात्री घ्यायला सांगितलंस. मोठ्यांनी दिलेल्या औषधाची वेळ आपल्या घरात कुणी बदलत नाही, म्हणून मी नऊला दूध पिऊन साडेनऊच्या बसने कामावर जात होतो. लिहिताना हे मूर्खपणाचं दिसतं. पिताना तसं वाटत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी पहाटे, पाळी सुटायच्या थोडं आधी, गाडीवर माझे डोळे मिटले. जाळीच्या पेट्यांची थप्पी कोसळली. आमचा सुपरवायझर जयसिंग पलीकडे उभा होता. एक पेटी त्याच्या बुटाला घासून गेली, त्याला काही झालं नाही. तो मला शिव्या देत होता आणि मी ऐकत होतो. शेवटी तोच म्हणाला, भावा, तू रागव तरी, नाहीतर रड. मला दोन्ही जमलं नाही. गाडी माझ्याकडून काढून घेतली आहे. महिनाभर स्टोअरला दिवसपाळी, मग कंपनीचा डॉक्टर ठरवेल.

आता वाटीचं. साखरेने कस्तुराच्या पायांतली जाणीव गेली होती. चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. तिसरी पाळी करून आलो की मी तूप लावून तिचे पाय घासायचो. त्या दिवशीही सकाळी अकराला बसलो. बसल्या बसल्या झोपलो, डोकं तिच्या पायांवर. जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. वाटी हातातच होती. पाय गार पडले होते.

तिने हाक मारली का, पाणी मागितलं का, मला माहीत नाही. मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की मी शेजारी जागा होतो. दिव्यालाही तेच सांगितलं. ताई, मला झोप येत नाही असं नाही. यायला लागली की मी उठून बसतो.

वाटी देव्हाऱ्यामागे तिच्या खणात गुंडाळून ठेवली आहे.

यापुढेही आशीर्वाद द्यावासा वाटला तर दे.
ज्योतीराम


पाथरूड, २० सप्टेंबर २०२४

चि. ज्योतीराम यास अनेक आशीर्वाद. न मागताही देते.

जायफळ आधी बंद कर. रात्री म्हणजे निजायच्या वेळी, हे नऊवारीतल्या म्हातारीने तुला आता फोड करून सांगायचं का? जयसिंगला माझ्यातर्फे चहा पाज. डॉक्टरला झोपेचं सगळं खरं सांग.

मी संक्रांतीला तुमच्याकडे आले होते ते आठव. तू कामावर होतास. कस्तुरा माझ्या बऱ्या कानाशी येऊन हसत म्हणाली, वन्सं, हे पाय घासायला बसतात आणि पाच मिनिटांत झोपतात. मग मी पाय हलवत नाही. पायाला काही कळत नाही, पण हलला तर हे उठतील. दोन-दोन तास तशीच पडून राहते, दिवसातली त्यांची तेवढीच खरी झोप. हे तुला सांगायचं नाही, असंही बजावलं होतं. म्हणून इतके दिवस सांगितलं नाही.

तिने हाक मारली का, ते मलाही माहीत नाही. तुला ते कधीच कळणार नाही, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण पाय हलवला असता तर तू उठला असतास. तिने हलवला नाही.

दिव्याला सांग. खोट्यावर उशी ठेवून कुणाला झोप लागलेली मी पाहिली नाही.

तुझीच,
ताई


॥ श्री ॥
चाकण, ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

ती. ताईस सा. न. वि. वि.

सकाळी घट बसवला. दिव्याने सुट्टी घेतली होती. डॉक्टरने तपासलं, गोळ्या लगेच दिल्या नाहीत, पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. गाडी परत मिळेल की नाही ते तेव्हा ठरेल.

जेवणं झाल्यावर दिव्याला सांगितलं, तुला लिहिलं तसंच. तुझं पत्रही वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. उठली, देव्हाऱ्यामागून वाटी काढली, खण घडी करून ठेवला आणि तूप घेऊन माझ्या पायाशी बसली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, गप पडा.

पाच-दहा मिनिटं घासलं असेल. मग हात हळू झाला, मग थांबला. बघतो तर ती झोपली आहे, डोकं माझ्या नडगीवर आणि वाटी हातात. तिचं तोंड किती उतरलं आहे ते आज पाहिलं. सात महिने तीही झोपली नसावी. मी कधी विचारलं नाही.

त्याला आता दोन तास होत आले. जवळची वही ओढून तुला लिहायला घेतलं. पायाला आधी मुंग्या आल्या, आता चांगलंच दुखतंय. ताई, दुखतंय हे कळतंय.

अक्षर वाकडं आलं आहे, ते समजून घे. हलता येत नाही.

तुझा,
ज्योतीराम