मस्कतहून आलेली मुलगी वाचते तेव्हा

बाई, आज शाळेत जे झालं ते तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून तुमच्या वर्गात येणारी ती तेलुगू मुलगी आता शिरूरच्या शाळेत बाई झाली आहे. यंदा माझ्या तिसरीत एक मुलगी आली, मस्कतला वाढलेली. तिथं शाळा अरबी, घरी हिंदी. वडिलांचं तिथलं काम सुटलं, आता ते रांजणगावला कंपनीत जातात. वाचनचाचणीत तिनं 'दिवस'ला 'दवस' म्हटलं, 'मुलगा'ला 'मलगा', आणि पुस्तक मिटलं. मुख्याध्यापक म्हणाले, "पहिलीत बसवा तिला. लई कच्ची हाय." तिची आई दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "म्याडम, उधर तो अच्छा पढती थी."

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून तुम्ही मला घरी बोलावलंय. तुम्ही मेथी निवडताय, मी शेजारी बसलेय. "ह्याला तुमच्यात काय म्हणतात गं?" "मेंतिकूर." "मग भाजी तुला ठाऊकच हाय की. नाव तेवढं नवं शिकायचं." पोरीला मराठी यावी म्हणून घरात तेलुगू बंद करायला निघालेल्या माझ्या वडिलांना तुम्ही चांगलंच झापलंत. "तिची भाषा काढून घेऊ नका. मी मराठी उभी करणार ती तिच्यावरच."

मी मुख्याध्यापकांकडून थोडी मुदत मागून घेतली आणि आईला मुलीचं अरबी गोष्टीचं पुस्तक आणायला सांगितलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण मुलगी उजवीकडून डावीकडं न अडखळता वाचत गेली, मध्येच एका ओळीला खुदकन हसली, आणि मग सगळी गोष्ट तिनं मला हिंदीत सांगितली. हिला वाचता येत नाही असं कोण म्हणेल? मग मी तिच्या मराठीतल्या चुका पुन्हा तपासल्या. 'दार', 'मीठ', 'फूल' बरोबर. सुटत होते ते फक्त ऱ्हस्व इकार-उकार. तिची आई म्हणाली, अरबीत हे छोटे स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, वाचणारा मनानं भरतो. पोरगी तिथली शिस्त इथं पाळत होती. मी तिला म्हटलं, "इधर सब लिखते हैं. कुछ छोडना नहीं." तेव्हापासून फळ्यावर वेलांट्या आणि उकार लाल खडूनं काढते, आणि धडा वाचण्याआधी त्यातली गोष्ट तिच्याशी हिंदीत बोलून घेते.

आज मुख्याध्यापकांसमोर तिनं मी न शिकवलेला धडा वाचला. 'वहीर' म्हणाली, थांबली, मागं आली आणि स्वतःच म्हणाली, 'विहीर'. मुख्याध्यापक थोडा वेळ ऐकत राहिले. "राहू द्या तिसरीतच," म्हणाले. तिचं तिकडं लक्षही नव्हतं. पान उलटून ती पुढं वाचत होती.

ती चांगली वाचणार, बाई, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हे पत्र खणातच राहील. पण शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून ते लिहिलं, कारण या वयातही मला तुमच्या तोंडून 'बरं केलंस' ऐकायचं होतं.