एक जूनची पोरगी

५ ऑगस्ट २०२५
माझ्या लेकीची, निलमची निवड झाली! चौदा वर्षांखालच्या मुलींत, जिल्ह्याच्या फुटबॉल संघात. खेळाचे प्रेमदास सर स्वतः तांड्यावर सांगायला आले. "याडी, मी गोलकीला असं चकवलं ना, ती खालीच बसली!" पोरगी जेवेना, नुसती बोलतेय. ह्यांनी वावराचा तुकडा वखरून तिला मैदान करून दिलं तेव्हा सगळा तांडा हसला होता — "पोरीला काहून असल्या नादी लावून राहिले?" आता हसा म्हणावं!

७ ऑगस्ट
तिचे मोजे धुतले. टाचेला भोक पडलंय. उद्या शिवीन.

११ ऑगस्ट
नाव कापलं.
सरांनी कागद मागितले. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून २०११. चौदात बसायला २०१२ पाहिजे.
आणि ती तर २०१२च्या संक्रांतीचीच! ऊसतोडीला गेलो होतो, तिथंच पाचटाच्या कोपीत झाली. नोंद कोण करणार? पाच वर्षांची झाली तेव्हा ठरवलं, हिला आता फडावर न्यायची नाही. पण वसतिगृहात सहाच्या खाली घेत नव्हते. मीच गुरुजींना म्हणाले, "सहा पूर्ण झाले, लिहा." त्यांनी तांड्यावरच्या सगळ्या लेकरांसारखी एक जून लिहिली. किती हुशार समजले होते मी स्वतःला!

१३ ऑगस्ट
शाळेत गेले. मोठे सर म्हणाले, "तारीख आता बदलत न्हाई, बाई. पुरावा काय हाय तुमच्याजवळ?"
मी आहे ना! मी जन्म दिलाय तिला. पण त्यांना शिक्क्याचा कागद पाहिजे.

१४ ऑगस्ट
निलम गुरुजींना शिव्या घालतेय. "त्या म्हाताऱ्यानं कायबी लिहिलं अन् माझं वाटोळं केलं!" ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत राहिले. लाज वाटते स्वतःची.

२ सप्टेंबर
संघ गेला. निलमनं चेंडू धाकट्या दिपकला देऊन टाकला. शिवलेले मोजे खुंटीलाच आहेत.

१५ जून २०२६
दिपकचं नाव घालायला शाळेत गेले. निलम संगं आली. नव्या गुरुजींनी विचारलं, "वय किती लिहू?" मी काही बोलायच्या आत निलमनं माझा हात धरला.
"याडी, ह्याचं तरी खरं सांग."
मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.