जावयाला रीतसर बोलावणे

इंदिरानगर, नाशिक
रविवार, अधिक ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी
२० मे २००७

श्रीयुत सावळीराम आहेर, देवळा, यांस
त्र्यंबक निकम याचा सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळीच आपण दूरध्वनीवर बोललो असताना आज हे पत्र कशासाठी, असे आपणांस वाटेल. व्याहीबुवा, काल आपण बोललात. मी फक्त ‘बरं’ म्हणालो. मला वाक्य पूर्ण करण्यास वेळ लागतो आणि आपल्या कांदाचाळीवरचा गलका तेवढा वेळ थांबत नाही. चाळीस वर्षे मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर लिहावयास शिकविलेल्या माणसाने ‘बरं’ एवढ्यावर विषय सोडणे योग्य नव्हे.

येथे सर्व क्षेम आहे. ऊन मात्र असे आहे की दुपारी अंगणातील नळाला हात लावता येत नाही. आपला उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला असेल. सौ. विहीणबाईंच्या गुडघ्यांस तेलाने उतार पडला का, ते कळवावे.

आता कालच्या बोलण्याविषयी. आपले शब्द मला जसेच्या तसे आठवतात. आपण म्हणालात, “गुरुजी, उद्याचा सोडून पुढल्या रविवारी मी येतो. पोरीला दोन शब्द सांगतो. नवरा बेंगलोरला अन् बायको नाशकात भांडी विकती, हे काय बरं दिसत नाय. दुकान आवरू, सामान भरू, तिला गाडीत बसवून देऊ.” माझ्या चि. मनोजने आपल्याकडे गाऱ्हाणे केले, हेही आपण सांगितलेत. गाऱ्हाणे त्याने माझ्याकडे न करता आपल्याकडे का केले, ते या पत्रात पुढे येईल. मला तेथपर्यंत पोहोचण्यास थोडा वेळ द्यावा.

सौ. तेजस्विनी वडिलांचा शब्द मोडणार नाही. तिने मला स्वच्छ सांगितले, “आप्पा बंद कर म्हणाले, तर मी बंद करीन, बाबा. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.” पावसाळ्यानंतरची कोणतीही मागणी स्वीकारू नये, असे तिने संगणक सांभाळणाऱ्या योगेशला आजच बजावले आहे. तेव्हा रविवारी आपण जे बोलाल, त्यावर हे दुकान राहते की जाते हे ठरणार आहे. असा शब्द उच्चारण्यापूर्वी माणसाला सर्व माहिती असावी, म्हणून हे लेखन.

मागच्या दिवाळीत आपण आलात तेव्हा विचारलेत, “दुकान कुठंय?” तिने संगणक दाखविला. आपण त्याच्या मागे डोकावून पाहिलेत आणि म्हणालात, “ही तर पेटी हे. गल्ला कुठंय? पाटी कुठंय?” सगळे हसले. मीही हसलो, पण खरे सांगावयाचे तर पहिली दोन वर्षे मलाही ते दुकान दिसत नव्हते. ‘तांब्याभांडे डॉट कॉम’ हे नाव मी नापसंत केले होते. नाव उच्चारले की दारात आलेल्या पाहुण्याला पाणी दिल्यासारखे वाटते, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “मग बरोबरच आहे की, बाबा!”

आपल्या दिवंगत विहीणबाई, म्हणजे मनोजची आई, अंथरुणाला खिळल्या, त्या काळात याची सुरुवात झाली. मनोजला बेंगलोरची नोकरी लागली होती आणि सासूच्या सेवेसाठी तेजस्विनी मागे राहिली होती. दुपारी आजारी माणसाचा डोळा लागला की ती भांडीबाजारातून आणलेल्या तांब्यांची, कळशांची छायाचित्रे काढून संगणकावर चढवीत असे. पहिला तांब्या ठाण्याच्या एका बाईंनी मागविला. तो मी माझ्या जुन्या धोतरात गुंडाळला होता. आज द्वारका चौकाजवळच्या गाळ्यात आठ बायका भांडी बांधतात, कुरियरची गाडी दररोज दारात उभी राहते, आणि भांडीबाजारातील ज्या तांबटांनी घंगाळे घडविणे सोडले होते, त्यांनी पुन्हा ठोके धरले आहेत.

हे यश सरळ आले नाही. गेल्या वर्षी परदेशातील एका महाराष्ट्र मंडळाने गणपतीसाठी पूजेच्या भांड्यांची मोठी मागणी केली. बांधणाऱ्या बायकांची मुकादम फुलाबाई. ती पेठ तालुक्यातील डोंगराकडची. सणासुदीचे भांडे कोणाच्या घरी रिकामे धाडावयाचे नाही, हे तिच्या हाडात मुरलेले. तिने कोणाला न विचारता प्रत्येक कळशात मूठ मूठ तांदूळ घातले, वर हळदकुंकू वाहिले आणि पेट्या बंद केल्या. तिकडच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी पेट्या उघडल्या. परदेशी धान्य आत येऊ द्यावयाचे नाही, असा त्यांचा नियम. सगळी खेप अडकली आणि गणपती पूजेच्या भांड्यांवाचून बसले.

मला वाटले, आता फुलाबाईला बोलणी बसणार. फुलाबाई तर पदर खोचून भांडावयासच उभी होती. “रिकामा कळसा धाडायचा? कोणाच्या मर्तिकाला हे का?” तेजस्विनी तिला एवढेच म्हणाली, “मावशी, चूक माझी. कळशात काय घालायचं हे मी ठरवायला हवं होतं, तुमच्यावर सोडायला नको होतं.” मग तिने त्या मंडळातील प्रत्येक घरी स्वतः पत्र लिहिले. काय झाले, का झाले, मूठभर तांदळाचा अर्थ काय. काहीही लपविले नाही. आणि भांडी दुसऱ्यांदा, स्वखर्चाने, पाठविली. या खेपेस कळशात तांदळाऐवजी माझ्या हस्ताक्षरातील चार ओळींचा आशीर्वाद होता. त्या घरांपैकी एकानेही आम्हांस सोडले नाही. उलट, लग्नामुंजींच्या मागण्या तेथूनच येऊ लागल्या. परदेशी जाणाऱ्या भांड्यांतील चिठ्ठ्या मी आजही हातानेच लिहितो. बोरू मिळत नाही, शाईपेन वापरतो.

हे मी दुकानाची जाहिरात म्हणून लिहिले नाही. चूक आपल्या अंगावर घेऊन माणूस आणि गिऱ्हाईक दोन्ही राखणारी व्यक्ती व्यापारात किती वेळा भेटते, हे आपण मला सांगावे. आपण बाजार समितीत आयुष्य काढले आहे. ही मुलगी आपली आहे.

येथपर्यंत आलो. आता जे टाळीत होतो ते लिहितो.

मनोजची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने ती शाखाच बंद केली. त्याला आता बरेच दिवस झाले. त्याने हे मला एकट्याला सांगितले आणि कोणालाही न सांगण्याचे वचन घेतले. ते वचन मी आज, आपल्यासमोर, मोडीत आहे. तेजस्विनीला मी सांगितले नव्हते; तिनेच ते ओळखले. एकदा जेवण वाढताना म्हणाली, “बाबा, हल्ली ते भर दुपारी फोन करतात आणि घाईत नसतात.” मी मीठ मागितले. तिने ते वाढले.

तो तिला बोलावतो ते नोकरी गेली म्हणून नव्हे. ती येथे गाळ्यावर मालकीण म्हणून बसते आणि तो तेथे खोलीवर बसून आहे, हे त्याला सोसत नाही. दुकान बंद झाले म्हणजे दोघे सारखे होतील, असा त्याचा हिशेब आहे. मला हे सर्व माहीत होते, म्हणून गाऱ्हाणे त्याने माझ्याकडे न करता आपल्याकडे केले. मी त्याला म्हणालो, “येथे ये. गाळ्यात माणूस हवाच आहे.” तो म्हणाला, “बाबा, लग्नात आप्पा काय बोलले होते, आठवतं ना?”

आपणांस कदाचित आठवणार नाही. पंगतीत आपण मोठ्याने, सर्वांस हसविण्यासाठी म्हणाला होतात, “आमच्या देवळ्याला बायकोच्या जिवावर जेवणाऱ्याला पत्रावळ उलटी वाढतात!” विषय दुसऱ्याच कोणा पाहुण्याचा होता. आपल्या मनात काही नव्हते. परंतु माझ्या मुलाने ते वाक्य जपून ठेवले आहे, आणि आज ते त्याला घरी येऊ देत नाही. माझ्याने ते पुसले जाणार नाही. ते आपले वाक्य आहे; ते आपणच मागे घेऊ शकता.

माझी विनंती अशी. रविवारी आपण नाशिकला येऊ नये. त्याऐवजी मनोजला देवळ्यास बोलवावे. अधिक महिना चालू आहे. गेल्या अधिकात तो रजा काढून आपल्याकडे वाण घ्यावयास आला होता. तेव्हा यंदाही बोलावणे गेले तर त्यात वावगे काहीच नाही. मी बोलाविले तर तो मुलगा म्हणून येईल आणि मुलासारखाच रुसून परत जाईल. आपण बोलाविले तर त्याला जावई म्हणून यावे लागेल, आणि जावयाला मान घेताना मान वर करावी लागते. त्यानंतर काय बोलावयाचे ते मी सुचविणार नाही. आपणांस माणसे ओळखता येतात. मला फक्त वाक्ये ओळखता येतात.

लोक म्हणतील, म्हाताऱ्याला सून जवळ हवी आहे, चहा कोण करील म्हणून. चहा मीच करतो, आणि तो चांगला होत नाही. मला सून जवळ हवी आहे हे मात्र खरे. ते नाकारून हे पत्र पूर्ण करता येणार नाही.

मुलाचे वचन मोडून बसलेला,
आपला
त्र्यंबक काशिनाथ निकम


इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, १२ जून २००७

प्रिय सावळीरामजी,
नमस्कार.

आपण पत्राचे उत्तर पाठविले नाही; जावयाला बोलाविलेत. दोन्हींपैकी एकच करावयाचे होते, तर योग्य तेच केलेत.

देवळ्यात जे घडले ते आपल्या घरचेच आहे, परंतु ते येथवर कसे पोहोचले हे आपणांस कळावे. त्याच्यासोबत आलेल्या तेजस्विनीने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. भाऊबंद ओसरीवर बसलेले, मनोज पाटावर, समोर तांब्याच्या पातेल्यात तेहतीस अनारसे आणि वर दिवा. आणि आपण सर्वांदेखत म्हणालात, “जावईबापू, पंगतीत मी एकदा येडंवाकडं बोललो होतो. ते काढून टाका. माझ्या पोरीच्या दुकानात एक माणूस कमी हे. माझ्या नजरेत एकच हे, पण तो लय मानी हे. त्याला कसं सांगावं, ते तुम्हीच सांगा.” यावर विहीणबाई आतून म्हणाल्या म्हणे, “आधी अनारसे तर खाऊ द्या, मग माणूस शोधा!”

मनोजने एक अनारसा उचलला. मात्र परत येताना चांदवडचा घाट उतरल्यावर त्याने तेजस्विनीस विचारले, “आप्पांना कोणी सांगितलं?” ती म्हणाली, “बाबांनी.” खोटे बोलणे तिला जमत नाही.

त्यामुळे घरी आल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. ते मला मान्य होते. शब्द मोडला तो मीच.

दुसऱ्या दिवशी तो गाळ्यावर गेला. मीही माझ्या चिठ्ठ्या घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. त्याला वाटले असावे, संगणकाचे काम मिळेल. तेजस्विनी म्हणाली, “संगणक योगेश बघतो. तुम्ही तक्रारींचे फोन घ्या. तिथं माझा आवाज चढतो.”

“मी? तक्रारी?”

फुलाबाई पेटी बांधता बांधता म्हणाली, “दाजी, आमच्यात नवा माणूस आधी तिथंच बसतो. मीबी बसले होते. एका गिऱ्हाइकानं तीन येळा फोन आपटला.”

“मग?”

“चवथ्या येळंला त्यानं समई मागवली.”

तो बसला. अधिक महिन्यामुळे फोन अखंड चालू होते. जावयांची वाणे वेळेवर पोहोचली नाहीत तर सासुरवाड्या किती चिडतात, हे आपण जाणताच. सोलापूरच्या एक आजी रागावल्या होत्या की भांडे आठवड्यात काळवंडले, म्हणजे ते नकली असणार. मनोज प्रथम अडखळला. मग म्हणाला, “आजी, नकली असतं तर चकचकीतच राहिलं असतं. तांबं आहे, ते हवेनं काळवंडणारच. चिंच लावून बघा, मी फोन धरून ठेवतो.” आणि त्याने खरोखर फोन धरून ठेवला! त्या चिंच शोधावयास गेल्या, भिजवून आल्या, घासू लागल्या. पलीकडून काहीतरी हर्षाचे ओरडणे ऐकू आले तेव्हा सगळा गाळा काम थांबवून त्याच्याकडे पाहत होता. तो हसला. व्याहीबुवा, हे हसणे मी वर्षभर ऐकले नव्हते.

लगेच दुसरा फोन आला. त्याने चोंग्यावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिले. तेजस्विनी बाहेर कुरियरवाल्याशी बोलत होती. मग तो माझ्याकडे वळला.

“बाबा, पातेल्याला कल्हई आतून करतात ना?”

माझ्याशी बोललेले त्याचे हे पहिले वाक्य. कल्हईचा पूर्ण इतिहास मला सांगता आला असता. मी फक्त “आतून” म्हणालो. त्याहून मोठे वाक्य त्या वेळी माझ्याने झाले नसते.

सर्व मिटले असे मी लिहिणार नाही. परवा रात्री त्याचे आणि तेजस्विनीचे दरपत्रकावरून कडाक्याचे भांडण झाले. पण ते भांडण दुकान कसे चालवावे याविषयी होते, चालवावे की नाही याविषयी नव्हते. पावसाळ्यानंतरच्या मागण्या घेण्यास योगेशला सांगितले गेले आहे. उद्या मनोज बेंगलोरला जात आहे. खोली सोडून, सामान घेऊन तो पुढच्या आठवड्यात परत येईल.

सौ. विहीणबाईंना घेऊन आपण आता अवश्य यावे. समजावण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी. गाळ्यात आपल्यासाठी खुर्ची आहे, आणि गल्ला कोठे आहे ते आता आपला जावई दाखवील.

तेजस्विनी मला बाबा म्हणते, मनोजही पुन्हा म्हणू लागला आहे.

त्या दोघांचा बाबा,
आणि आपला ऋणी व्याही,
त्र्यंबक