तिसरा मजला

मंगळवार, संध्याकाळ

फुकटच्या मिक्सरच्या सोडतीचं एक कूपन भरलं, त्याची खरी किंमत दुपारच्या नऊ झोपा. पण वसूल!

नऊ दिवसांपूर्वी, रविवारी दाढी करताना कानावर आलं, आई फोनवर म्हणत होती, “आरं लेकरा, तिसरा मजला कुटला? आमचं घर बैठं हाय की!” समोरचा बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होता. मी फोन हिसकावला. मी दिवसभर दुकानात, आई घरात एकटी. उद्या हा दारात आला तर?

पण ‘तिसरा मजला’ ऐकताच चोर सापडला. सायकलवर चादरी विकायचो तेव्हापासून माणसं ओळखतो, म्हणून प्रत्येक फॉर्मवर मी मजला वेगळा लिहितो. तिसरा फक्त त्या कूपनवर. नेटवर शोधलं, तर तिथून आमचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं माहिती विकणाऱ्या एका वेबसाइटवर गेलं होतं. रोज दुपारी झोप सोडून त्यांना अर्ज, मेल, पुन्हा मेल. आज उत्तर आलं, माहिती काढून टाकली. शोधून पाहिलं, खरंच गायब!

आईला म्हटलं, “आता आपला पत्ता कुणाच्या बापाला मिळत नाही.”

“लई शाना,” ती हसली.

आत्ताच फोन आला. “कर्ज हवंय का साहेब? पाचव्या मजल्यावर राहता ना?”

पाचवा मजला मी एकाच ठिकाणी लिहिला होता, माहिती काढून टाका म्हणून भरलेल्या त्या अर्जावर.